सब-०१७चा चेहरा

१२ जानेवारी
आज आईचा फोल्डर समोर आला. सब-०१७. नाव कुठंच लिहायचं नाही — नियमच आहे! माणसाला नंबर, त्याच्या आत सेस-०१, सेस-०२, म्हणजे पहिली खेप, दुसरी खेप. त्यात मेंदूचे एमआरआय. सगळ्यांचं एकाच पद्धतीनं लावलं, की कुठल्याही देशातल्या माणसाला उघडून कळतं. आईला सेस-०३ नाही. ती गेली, पुण्यानुमोदनाचा विधी होऊनही महिना झाला. तरी रिकामा सेस-०३ बनवला. मग पुसला. मूर्खच मी.

१४ जानेवारी
लॅबचे गोवर्धन सर म्हणाले, "अल्का, डेटा बाहर भेजना है. सबके चेहरे निकाल दो." एमआरआयमध्ये चेहराही येतो. नाक, ओठ, कान — ओळखू येतं माणूस! म्हणून प्रोग्राम लावून तो खरवडायचा. पाठवून झालं की मूळ फाइलीही पुसणार. माझाही खरवडला, सब-०४१. निरोगी माणसं कमी पडत होती म्हणून दिवाळीआधी मीही मशीनमध्ये झोपले होते. स्वतःचं काही वाटलं नाही. आईचा तेवढा राहिला.

१५ जानेवारी
स्क्रीनवर फिरवून फिरवून बघितलं. तेच नाक! तीच ओघळलेली कानाची पाळी! मशीनमध्ये जाताना माझा हात सोडेना. "कोनाची पोरगी वो तू? मले घरी नेऊन दे." तुझीच वो आई, तुझीच! सरांनी तेव्हा बोट ठेवून दाखवलं होतं, मेंदू इथं आकसलाय, म्हणून विसरतात. तिला माझा चेहरा आठवेना, आणि आता तिचा मी पुसू? नाही जमत.

१६ जानेवारी
धाकट्याला, राजदीपला फोन केला. "घरी फोटू हाये ना ताई, कायले रडून राहिली?" फोटो आधार कार्डावरचा, मोठा केलेला. त्यात आई भ्यालेली दिसते. मशीनमध्ये डोळे मिटून शांत पडली होती. त्याला काय सांगू! फोन ठेवून दिला. दूध उतू गेलं, परत.

१९ जानेवारी
सर चिडले. "सिर्फ सत्रह नंबर क्यों बाकी है?" सांगून टाकलं. सर खुर्ची ओढून बसले. मग हळूच — "मैं कर दूं?" नको म्हटलं. शेवटची आंघोळ मीच घातली होती, हेही मीच करीन. केलं. कपाळाखाली काहीच उरलं नाही. डबा तसाच घरी आणला.

२० जानेवारी
गोरेगावच्या एसटीत रडले. बाजूची बाई म्हणे, "काऊन, काय झालं वो?" आई गेली, म्हटलं.

२२ जानेवारी
सर तपासत होते. "अल्का, ०४१ में गलती से ०१७ वाला डाल दिया क्या? वही जगह सिकुड़ी है." माझीच चूक असणार, म्हटलं. ०४१ची मूळ फाइल उघडली. चेहरा माझाच.