ज्वालामुखीला तीन तिकिटं

३ जानेवारी, डेव्हेन्टर
नव्या वर्षाचा संकल्प एकच. यंदाचा प्रवास मी स्वतः, घरबसल्या, इंटरनेटवर बुक करणार. मधे दलाल नको. चाळीस वर्षं माझी बायको डीना हे सगळं रूलीच्या ट्रॅव्हल एजन्सीत बसून ठरवायची आणि मी बॅगा उचलायचो. डीनाला जाऊन दोन वर्षं झाली. रूलीचं दुकानही बंद पडलं, तिथे आता चष्मे मिळतात.
नाताळात हेस्टर म्हणाली, बाबा, शाळेच्या शरदाच्या सुट्टीत, ऑक्टोबरात, आपण तिघं कुठेतरी जाऊ, ठिकाण तुम्ही ठरवा. मग स्वयंपाकघरात मला बाजूला घेऊन म्हणाली, गेली दोन वर्षं तुम्ही ऐन वेळी नाही म्हणालात, या वेळी तसं करू नका, फेने वर्गात सगळ्यांना सांगून बसलीये.
फेने, हेस्टरची मुलगी, नऊ वर्षांची. नदीच्या बांधापेक्षा उंच काही तिने पाहिलेलं नाही. तिला ज्वालामुखी बघायचा आहे.
बघेल. आजोबांनी शब्द दिला आहे.

७ जानेवारी
पासवर्ड सापडत नव्हता. डीना सगळे पासवर्ड पाककृतींच्या डब्यात कार्डांवर लिहून ठेवायची. वाटाण्याच्या सूपचं कार्ड आणि सफरचंदाच्या केकचं कार्ड यांच्या मधे सापडला. पद्धत चुकीची आहे. मी नवीन वही केली.

८ जानेवारी
वही सापडत नाही.

११ जानेवारी, सकाळी १०
ग्रंथालयात गेलो होतो, वर्तमानपत्रासाठी. रूली तिथे आठवड्यातून दोन सकाळी टेबल टाकून बसते, म्हाताऱ्यांना इंटरनेट शिकवते. मला म्हणाली, काय मास्तर, मदत हवीय का? मी म्हणालो, मी चोवीस वर्षं शाळा चालवली आहे. ती म्हणाली, शाळा वेगळी, हे वेगळं, इथे घंटा वाजत नाही. आणि मग सहज विचारल्यासारखं, हेस्टर आता तिकडे दक्षिणेत असते ना, ब्रेडाला?
लोकांना दुसऱ्यांच्या घरात डोकावायची फार हौस. हेस्टरने गेल्या उन्हाळ्यात नोकरी बदलली, त्यात एवढं काय?
रूलीच्या मनात जुना राग असावा. तिच्या दोन मुलांची रजा मी एकदा नाकारली होती. सुट्टीच्या दिवसांत तिच्या दुकानात गर्दी, म्हणून तिला शाळा चालू असताना मुलांना घेऊन कॅनरी बेटांवर जायचं होतं. मी लिहिलं, एकाला सूट दिली की नियम मोडतो. आजही माझं तेच मत आहे.

१४ जानेवारी
मेहुण्याचा, बेरेंटचा, वाढदिवस. नेहमीप्रमाणे सगळे खुर्च्या गोल मांडून बसलो, माणशी केकचा एक तुकडा. सुट्टी कोणी किती स्वस्तात मिळवली याचीच चर्चा. बेरेंट म्हणाला, मी तुर्कस्तान मंगळवारी दुपारी बुक केलं, मंगळवारी दुपारी भाव पडतात. त्याची बायको म्हणाली, ते पुसून टाकावं लागतं, कॉम्प्युटरमधलं, नाहीतर त्यांना कळतं की तुम्ही आधी पाहून गेलाय.
मी उभा राहून बोललो. म्हणालो, ही बाजारपेठ भीतीवर चालते, आणि घाबरत नाही तोच ग्राहक स्वतंत्र असतो. पंधरा मिनिटं बोललो असेन. बेरेंट म्हणाला, मास्तर, केक खा.

१७ जानेवारी, मंगळवार, दुपारी २
अकरा टॅब उघडे. लान्झारोते, कॅनरी बेटांपैकी एक. ज्वालामुखी आहे, समुद्र आहे, हॉटेलात नाश्ता आहे. उद्या शांत डोक्याने तुलना करीन.

दुपारी २.२०
पानावर लाल अक्षरांत आलं, या भावात शेवटच्या दोन खोल्या. खाली, चौदा जण आत्ता हेच पान पाहत आहेत. मला या युक्त्या ठाऊक आहेत. मी चहा ठेवायला उठलो.

दुपारी २.२४
सतरा जण.

दुपारी २.३१
बुक केलं. घाबरून नाही. निर्णय आधीच झाला होता, फक्त अंमलबजावणी राहिली होती. २१ ते २८ ऑक्टोबर, तीन प्रवासी. तारखा पाहाव्याही लागल्या नाहीत. शरदाची सुट्टी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर डोळ्यांसमोर आहे आणि आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक, अशी छत्तीस वर्षं ती माझ्या अंगात आहे. रद्द करण्याच्या विम्याची खूण काढून टाकली. तो विमा म्हणजे शुद्ध भीती.
हेस्टरला कळवलं, झालं सगळं. ती म्हणाली, तारखा पाठवा ना, मला दवाखान्यात रजा टाकायला लागेल. मी म्हणालो, शरदाची सुट्टी, संपूर्ण आठवडा, बाकी सगळं गुपित. फेनेला विमानतळावरच कळू दे कुठे चाललोय.

१८ जानेवारी
भाव पाहिला, फक्त कुतूहल म्हणून. कमी झाला आहे. शिल्लक खोल्या नऊ.

२७ फेब्रुवारी
वसंताची सुट्टी सुरू झाली. न सांगता ब्रेडाला गेलो, फेनेला आनंद व्हावा म्हणून. गाडीने दोन तास. दारात हेस्टर, दवाखान्याच्या गणवेशात. म्हणाली, बाबा, आज सोमवार आहे, ती शाळेत आहे. सुट्टी गेल्या आठवड्यात झाली. आधी फोन नाही का करायचा?
त्याचं कारण मला लगेच कळलं. दक्षिणेकडे कार्निव्हल असतो, आठवडाभर रंगीबेरंगी कपडे घालून बिअर पितात, म्हणून त्यांची वसंताची सुट्टी त्या आठवड्याला बांधलेली. शरदात कार्निव्हल नसतो. म्हणजे प्रश्नच मिटला.
दुपारी तीनला फेने आली. तिच्या खोलीत भिंतीवर तिने स्वतः काढलेला ज्वालामुखी आहे. पायथ्याशी तीन माणसं. एकाला टोपी. ते मी.

२ मार्च
सुट्ट्यांचा विषय निघालाच आहे म्हणून नोंद करून ठेवतो. शाळांच्या सुट्ट्या उत्तर, मध्य आणि दक्षिण विभागांत वेगवेगळ्या आठवड्यांत असाव्यात, या मागणीसाठी शिक्षक संघटनेच्या अधिवेशनात मी चाळीस मिनिटं बोललो होतो. नाहीतर सगळा देश एकाच शनिवारी एकाच रस्त्यावर उभा राहतो, हे माझंच वाक्य. टाळ्या पडल्या होत्या. कात्रण शोधायला हवं.

९ मे
रोज भाव पाहणं बंद केलं.

१० मे
आज पाहिला. रोज पाहणं आणि एकदा पाहणं यात फरक आहे.

२० जून
वेबसाइटकडून दिवसाला तीन ईमेल. तुमची सहल जवळ येत आहे. गाडी भाड्याने घ्या. खिडकीजवळची जागा घ्या. थकवा येतो. पूर्वी रूली पोस्टाने एक जाड लिफाफा पाठवायची, त्यात सगळं असायचं, बॅगेला लावायच्या चिठ्ठ्यासुद्धा. डीना तो लिफाफा फुलदाणीला टेकवून ठेवायची आणि आम्ही जेवताना त्याच्याकडे पाहायचो.
मी मागे वळून पाहणारा माणूस नाही. सहज आठवलं.

१० सप्टेंबर, रविवार
फेनेचा फोन. वर्गात सगळ्यांनी सुट्टीपर्यंतचे दिवस मोजायचा तक्ता केला. म्हणाली, आजोबा, आता फक्त चौतीस झोपा उरल्या.
मी मनात मोजलं. एक्केचाळीस येतात. म्हणालो, फेने, पुन्हा मोज. ती म्हणाली, बाईंनी मोजलंय, चौदा ऑक्टोबर, शनिवार.
मी म्हणालो, छान. आवाज बरोबर आला असावा.

दुपारी ४
शिक्षण खात्याच्या पानावर तक्ता आहे. उत्तर, २१ ते २९ ऑक्टोबर. दक्षिण, १४ ते २२ ऑक्टोबर. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर इथल्या बँकेचं आहे, त्यावर फक्त उत्तर छापलं आहे. बँकेने हे स्पष्ट करायला हवं होतं.

११ सप्टेंबर
वेबसाइटच्या मदतकक्षाशी लेखी संभाषण. पलीकडे माणूस नसून यंत्र आहे हे तिसऱ्या उत्तराला कळलं. दोन्ही विभागांची बाजू सविस्तर मांडली, इतिहासासह. त्याने विचारलं, माझ्या उत्तराने तुमचं समाधान झालं का?
तारखा बदलत नाहीत. पैसे परत मिळत नाहीत.

१३ सप्टेंबर
हेस्टरला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही. सगळ्या देशात तुम्ही. मी म्हणालो, शाळेकडे रजेचा अर्ज कर, पाच दिवसांचा तर प्रश्न आहे, कारण मी लिहून देतो. ती म्हणाली, आणि मुख्याध्यापक काय उत्तर देतील, ते तुम्हीच सांगा.
मला ते उत्तर पाठ आहे. मीच ते शेकडो वेळा लिहिलं आहे. पहिलं वाक्य, आपली अडचण मी समजू शकतो.
ती म्हणाली, फेनेला तुम्ही सांगायचं, मी नाही.

१९ सप्टेंबर
फेनेला अजून सांगितलेलं नाही. योग्य क्षणाची वाट पाहतो आहे.

२२ सप्टेंबर, सकाळी १०
ग्रंथालय. वर्तमानपत्रासाठी. वर्तमानपत्र दुसऱ्या कोणाच्या हातात होतं, म्हणून रूलीच्या टेबलाजवळ बसलो. छापलेलं बुकिंग खिशातच होतं.
ती चष्मा लावून सगळं वाचत बसली, बारीक अक्षरांतलंसुद्धा. मग म्हणाली, मास्तर, तारखा बदलत नाहीत, पण नावं बदलतात. कलम अकरा. कोणाला तरी देऊन टाका.
मी म्हणालो, मला ज्वालामुखी हवा आहे, चौदा तारखेच्या आठवड्यात, फेनेसाठी. ती हसली नाही. आता हसेल म्हणून मी वाट पाहत होतो. म्हणाली, विमान विसरा, त्या आठवड्याचं आता काही परवडायचं नाही. ज्वालामुखी पेटलेलाच हवा का?
तिने फोन उचलला आणि जर्मनीतल्या आयफेलच्या, जुन्या ज्वालामुखींच्या डोंगरांतल्या कुठल्याशा बाईशी जर्मनमध्ये बोलली. तीस वर्षांची ओळख. एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी झाली. सहा मिनिटांत दोन खोल्या मिळाल्या. पेन्सिलने कागदावर रस्ता लिहून दिला, लिफाफ्यात घालून.
दारापर्यंत गेलो आणि परत आलो. म्हणालो, रूली, त्या तीन नावांच्या जागी तुझं आणि तुझ्या दोन्ही मुलांचं घाल. ती म्हणाली, मुलं आता चाळिशीची आहेत, खेरलोफ. इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली. मी म्हणालो, मग त्यांना मुख्याध्यापकांची परवानगी लागणार नाही.
तिने पुन्हा चष्मा लावला आणि मुलांच्या जन्मतारखा लिहायला घेतल्या.

संध्याकाळी
फेनेला सांगितलं. तिने विचारलं, त्यातून आग येते का? मी म्हणालो, यायची. ती म्हणाली, कधी? म्हणालो, बारा-तेरा हजार वर्षांपूर्वी. ती म्हणाली, वर्गात मी तेवढं सांगणार नाही.

१६ ऑक्टोबर, आयफेल
पाऊस. ज्वालामुखी म्हणजे एक मोठं गोल तळं, भोवती झाडं. लिफाफा हेस्टरच्या गाडीत समोर टेकवून ठेवला होता. काठावर एका ठिकाणी पाण्यातून बुडबुडे येतात, खाली अजून थोडी धग असावी. फेने तासभर तिथे उकिडवी बसून होती. मी ज्वालामुखींच्या उत्पत्तीवर बोलायला सुरुवात केली. हेस्टरने माझ्या कोपराला धरलं आणि म्हणाली, बाबा, राहू दे. मी थांबलो. तिने कोपर सोडलं नाही.
फेने म्हणाली, हा विझलेला नाही आई, हा नुसता दमलाय.

२५ ऑक्टोबर
रूलीकडून फोटो. काळा डोंगर, वारा, दोन टक्कल पडत आलेले पुरुष आणि मधे ती. खाली ओळ, मास्तर, रजा मंजूर झाली, सत्तावीस वर्षं लागली.
फोटो मोठा करून पाहिला. हवा चांगली दिसते.

३० ऑक्टोबर
वेबसाइटचा ईमेल. तुमची लान्झारोतेची सहल कशी झाली? पाचपैकी तारे द्या. पाच दिले. पुढे विचारलं, पुन्हा आमच्याकडे बुक कराल का?
मे महिन्याच्या सुट्टीसाठी थोडं पाहून ठेवायला हरकत नाही. मे महिन्यात तिन्ही विभागांना बहुतेक एकत्रच सुट्टी असते. बहुतेक. पान उघडलं. नऊ जण पाहत होते.
कोट घालून ग्रंथालयात गेलो. रूलीच्या टेबलावर तिने पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी होती, आजचा दिवसही रजेवर.
तिच्यासमोरच्या खुर्चीवर थोडा वेळ बसलो, मग वर्तमानपत्र वाचलं.