तिरडीवरून ऐकलेले

मी, अर्जुनराव, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा शेती, राहणार घाटनांदूर, जि. बीड, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. थोरला बजरंग म्हणतो, आबा शुद्धीत नाहीत. धाकटा परमेश्वर म्हणतो, कधीच नव्हते. एवढ्या एका बाबतीत तरी दोघांचे जमते, याचे समाधान आहे.

१. घर माझी पत्नी केसरबाई हिला. तिच्या हयातीत वाटणी मागणाऱ्याचे जेवण तिने बंद करावे, त्यास माझी संमती आहे.

२. शेत दोघांना निम्मे निम्मे. म्हैस मात्र वाटू नये. माझ्या पंचाहत्तरीच्या फ्लेक्सवर बजरंगचा फोटो मोठा छापला गेला आणि परमेश्वरचा लहान. तेव्हापासून हे एकमेकांशी बोलत नाहीत, म्हशीशी बोलतात. "ए म्हशे, सांग त्याला, मोटार बंद कर म्हणावं." दुसरा तिथेच उभा असतो. "म्हशे, सांग, मला बी डोळे हायेत." घरात समजूतदार तेवढी तीच. तिला विकेल त्याचा हिस्सा रद्द समजावा.

३. बजरंगची मुलगी संस्कृती हिने आमच्याच घरावर मोबाइलवर सिनेमा काढला. कामे आम्हीच केली. त्याचे सर्व हक्क तिला. ती विचारते, "आबा, लोकाला एवढा काहून आवडला?" उत्तर इथे नोंदवतो. त्यात कोणीही विनोद करत नाही. जो तो जीव तोडून भांडतो आणि ज्याला त्याला आपणच शहाणे आहोत असे वाटते. देवळासमोर पडदा लावला तेव्हा गाव पोट धरून हसले. परमेश्वर म्हणाला, "दादाचं काम लई झाक झालंय. अस्साच येडा हाय तो." बजरंगनेही त्याच्याबद्दल म्हशीला हेच सांगितले. पण हसता हसता लोक डोळे पुसू लागले, कारण एवढे भांडूनही घर सोडून कोणी जात नाही, हे त्यांना दिसले. नुसते रडवले असते तर लोक अर्ध्यातून उठले असते. बाई, तुझा सिनेमा जमला तो यामुळे.

४. शेवटच्या सीनला मी मेलो. खरी तिरडी, अंगावर पांढरे कापड, ऊन कडक. पुढचा खांदा कोणाचा, यावर दोघांचे जुंपले. त्यासाठी म्हैस अंगणात आणावी लागली. मी डोळे मिटून ऐकत होतो. तेवढ्यात परमेश्वर म्हणाला,

"दादा, आबाच्या डोक्याखाली कायतरी दे की. टोचत आसंल."

"थांब, माजा टावेल घे."

या वेळी म्हशीला मधे घेतले नव्हते. मला रडू फुटले, मुडदा हलला, सीन वाया गेला. पुन्हा घेतला तेव्हा मी शिंकलो. मग खोकलो. संस्कृती चिडली, केसरबाई म्हणाली, "या माणसाला धड मरता बी येत न्हाई." पण दर वेळी दोघे माझ्या उशाशी यायचे आणि टॉवेल सारखा करताना एकमेकांशी बोलायचे. म्हणून मी दिवसभर नीट मेलोच नाही. शूटिंग संपले आणि दोघे पुन्हा पहिल्यासारखे झाले.

५. बाळांनो, खरोखर जाईन त्या दिवशी मला शिंकता येणार नाही. तुम्ही बोलावे म्हणून काहीच करता येणार नाही, याची मला फार भीती वाटते. म्हणून हे मृत्युपत्र मी मेल्यावर उघडायचे नाही. आज संध्याकाळीच, माझ्यासमोर, एक कलम बजरंगने परमेश्वरला वाचून दाखवावे, पुढचे परमेश्वरने बजरंगला. चष्मा दोघांत एकच आहे, तो मागून घ्यावा.

साक्षीदार:
१. छबुबाई, शेजारीण (सिनेमातही) – अंगठा
२. सिदू, तिरडी बांधणारा – सही

लिहून देणार: अर्जुनराव – सही
ठिकाण: घाटनांदूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५