क्याफ्रेदोसाठी राखून ठेवलेली जोडी

मी, मान्यो बेल्यार्दो, वय वर्षे एक्क्याऐंशी, निवृत्त शिक्षक आणि स्की-कारागीर, राहणार लाउझेत, माइरा खोरे, पुढील मजकूर स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलाशी बसून, सकाळची कॉफी घेतल्यानंतर लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी या मजकुरात एखादे तरी विरामचिन्ह चुकले आहे काय, ते तपासून पाहावे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझी मुलगी ओर्नेला दोनदा दार उघडून "बाबा, अजून चाललंय का?" असे विचारून गेली; त्याला दबाव म्हणता येणार नाही.

नोटरींनी मला एक मसुदा करून दिला होता. त्यातील एक वाक्य सतरा ओळींचे होते आणि त्याला क्रियापद नव्हते. तो मसुदा मी लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवला आणि हे मृत्युपत्र नव्याने लिहिले. यापूर्वीची माझी मृत्युपत्रे, संख्येने दोन, याद्वारे रद्द समजावीत.

कलम १. घर. राहते दगडी घर, त्याखालचा जुना गोठा आणि मागचे लार्चचे बन ओर्नेलाला मिळावे. छपराची उत्तरेकडील एक दगडी पाटी हलते. ती बदलण्यासाठी माझ्या मृत्यूची वाट पाहू नये.

कलम २. बचत. पोस्टातील सर्व शिल्लक ओर्नेलाची. तिने त्यातून माझे दफन करावे आणि जमलेल्यांना मक्याच्या पिठाचा पोलेंटा व मुरलेले चीज द्यावे. जेनेपीच्या सहा बाटल्या तळघरात आहेत; मी स्वतः डोंगरावरून आणलेल्या फुलांची ती दारू आहे, ती पाहुण्यांपुढे मोजूनमापून ठेवू नये. भाषण कोणी करू नये. करायचेच असेल, तर आधी लिहून ओर्नेलाला दाखवावे.

कलम ३. माझी दिवंगत पत्नी देल्फिना हिच्या स्की भिंतीवर आहेत तशाच राहतील. त्या सर्व दृष्टींनी चुकीच्या आहेत: फार लांब, फार अरुंद, फार ताठ. त्यांवरून ती आमच्या बनातून ज्या रीतीने उतरत असे, तसे मला कधी जमले नाही. पुढील कलमांत मी जे नियम सांगणार आहे, त्यांना हा एकमेव अपवाद आहे. त्याचे स्पष्टीकरण मी शोधले नाही आणि कोणी शोधू नये.

कलम ४. माझा भाचा दारिओ खालच्या गावात स्की भाड्याने देतो. "मामा, हल्ली सगळ्यांना रुंदच लागतात," असे म्हणून त्याने तळपायाखाली एकशे बारा मिलिमीटर रुंदीची एक जोडी मला भेट दिली होती. ती मी त्याला परत देत आहे. तो मनाने वाईट नाही. परंतु "सगळ्यांना" या शब्दावर ज्याचा धंदा चालतो, त्याला माझ्या कार्यशाळेतील काहीही मिळू नये.

कलम ५. कार्यशाळा. गोठ्यातील कार्यशाळा, शिकंजे, कानशी, मेणाची इस्त्री आणि भोके पाडण्याचे यंत्र ओर्नेलाला मिळावे. ती गेली चौदा वर्षे माझ्याबरोबर काम करते आणि तिचा हात माझ्याहून हलका आहे. तिला शिकवायचे काही उरलेले नाही. तरीही पुढील गोष्टी लिहून ठेवतो, कारण बोललेले विसरले जाते.

आमच्या खोऱ्यात एकाच उतरणीवर चार प्रकारचे बर्फ भेटते. वर वाऱ्याने दाबलेले टणक, त्याखाली पाय टाकताच फुटणारे कवच, झाडांच्या सावलीत पिठासारखे, आणि तळाशी दुपारचे ओले. गिऱ्हाईक येऊन म्हणते, "मला पिठासारख्या बर्फासाठी स्की द्या." ते त्याच्या आठवणीतले बर्फ असते. त्याला उरलेल्या तिन्हींतूनही घरी यायचे आहे, हे आपण लक्षात ठेवावे.

म्हणून मधली रुंदी पंच्याऐंशी ते पंच्याण्णव मिलिमीटर. त्याहून अरुंद स्की मऊ बर्फात बुडते. त्याहून रुंद स्की टणक उतारावर कडेने धरत नाही आणि चढताना घोटा पिळते. लांबी माणसाच्या उंचीहून पाच-दहा सेंटिमीटर कमी, कारण लार्चच्या दोन खोडांमधली जागा आपली उंची विचारत नाही. टोक लवकर उचललेले आणि थोडे मऊ असावे, म्हणजे ते कवचाखाली शिरत नाही. मागचा भाग पडत्या माणसाला सावरण्याइतका ताठ असावा. परंतु इतका नको की झाडांत वळण चुकल्यावर सुटकाच होऊ नये. वजनाच्या बाबतीत हलकेपणाचा मोह टाळावा. चढणीवर जी स्की पिसासारखी वाटते, तीच उतरताना तुटक्या बर्फात पिसासारखी उडते.

हे सर्व कोणत्याही कारखान्याच्या पत्रकात सापडेल. आमच्या कार्यशाळेचा नेम मात्र वेगळा आहे. गिऱ्हाइकाला विकण्यापूर्वी एक जुनी जोडी द्यावी, घरामागच्या बनात न्यावे, त्याला वरून उतरू द्यावे आणि आपण खाली उभे राहावे. माणसाकडे पाहू नये. तो गेल्यावर बर्फावर उरलेली त्याची रेघ पाहावी. कोठे तो घाबरला, कोणता पाय दुसऱ्याला ओढतो, वळण्याआधी तो किती थांबतो, ते सर्व तिथे लिहिलेले असते. मग घरी येऊन जोडी निवडावी. हा नेम मी आयुष्यात एकदाच मोडला.

कलम ६. क्याफ्रेदो अक्यार्दो, सुतार, वय शहात्तर, राहणार लाउझेत, रस्त्यापलीकडचे घर.

अकरा हिवाळ्यांपूर्वी क्याफ्रेदो माझ्याकडे नवी जोडी घ्यायला आला. आम्ही त्याआधी पंचेचाळीस वर्षे एकत्र डोंगर चढलो होतो. तो म्हणाला, "मास्तर, मला आखूड आणि मऊ दे. पाय आता पूर्वीसारखे राहिले नाहीत." मी म्हणालो, "तुझे पाय मला तुझ्यापेक्षा चांगले माहीत आहेत." मी त्याला बनात नेले नाही. एकशे अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर लांबीची, अतिशय हलकी आणि अतिशय ताठ जोडी मी त्याला दिली. आठवड्याभरात लार्चच्या झाडांत कवच फुटले, स्कीचे टोक खाली शिरले, शरीर वळले आणि स्की वळली नाही. त्याचा उजवा गुडघा गेला.

तो कुबड्या घेऊन बारमध्ये आला आणि सर्वांदेखत म्हणाला, "मास्तरांनी मला दुसऱ्याच कोणाची तरी स्की विकली." मी उत्तरलो, "वाक्य बरोबर होतं. वाचणाऱ्याला वाचता आलं नाही." लोक हसले. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. ज्या वाडीत हिवाळ्यात अकरा माणसे उरतात, तिथे हे साधणे सोपे नाही. दोघांनाही फार कष्ट घ्यावे लागले. निरोप ओर्नेला पोचवते.

या मृत्युपत्राद्वारे मी निःसंदिग्धपणे नमूद करतो की, स्की चुकीची होती आणि क्याफ्रेदोचे बारमधील विधान अचूक होते. ती जोडी मी माझ्यासमोर उभ्या असलेल्या पासष्ट वर्षांच्या माणसासाठी निवडली नाही. मी ती चाळिशीतल्या क्याफ्रेदोसाठी निवडली, जो माझ्यापुढे खडकावरून उडी मारून मागे वळून हसत असे. त्याचे पाय थकले हे मान्य केले असते, तर माझेही थकले हे मान्य करावे लागले असते. माझ्याच हट्टामुळे मित्राचा गुडघा मोडला.

तेव्हापासून तो फक्त जंगलखात्याच्या सपाट रस्त्याने जाऊन येतो. झाडांत उतरत नाही. त्याची रेघ माझ्या खिडकीतून दिसते. अकरा हिवाळे ती पाहून मी एक जोडी निवडली आहे: लांबी एकशे चौसष्ट, मधली रुंदी अठ्ठ्याऐंशी, टोक मऊ, वजन बेताचे. गेल्या शरद ऋतूत त्याचे बूट ओर्नेलाकडे दुरुस्तीला आले असता मी त्यांच्या तळाचे माप घेतले आणि त्या मापाने स्कीवर बूट धरून ठेवणाऱ्या पकडी बसवल्या. चढताना स्की मागे घसरू नये म्हणून तळाला लावायचे केसाळ पट्टेही कापून ठेवले आहेत. ही जोडी माझ्या मृत्यूनंतर क्याफ्रेदो अक्यार्दो यास द्यावी.

कलम ७. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्यात साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. ज्याला या कागदान्वये काही मिळते, त्याने साक्ष देऊ नये, असे माझे मत आहे. पोस्टाचे काम पाहणाऱ्या रेनाता गार्नेरो यांनी एक साक्ष देण्याचे मान्य केले आहे. दुसरी जागा रिकामी आहे.

तसेच, मेलेल्या माणसाला चूक दुरुस्त करता येत नाही. म्हणून कलम ६ सहीपूर्वी क्याफ्रेदोला वाचून दाखवावे, असे मी ओर्नेलाला सांगितले आहे. ती आत्ताच त्या कलमाचे पान घेऊन रस्ता ओलांडून गेली.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

ओर्नेला परत आली ती एकटीच. मी विचारले, "काय म्हणाला?"

"काका म्हणाले, बूट घालतो."

"कोणते बूट?"

"तुम्हीच विचारा, बाबा. अकरा वर्षं निरोप्याचं काम केलं. आज माझा राजीनामा."

थोड्या वेळाने क्याफ्रेदो दारात उभा राहिला. त्याच्या पायात स्कीचे बूट होते.

"मास्तर."

"बोल."

"कलम सहावं चांगलं लिहिलंयस. पण एक गाळलंयस. मी बारमध्ये तुला गाढवही म्हणालो होतो."

"ते मी सभ्यता म्हणून गाळलं."

"घाल परत. कायद्याचा कागद आहे."

यास्तव नमूद करतो: गाढवही म्हणाला होता.

"आता सांग," तो म्हणाला, "ही जोडी मला तू मेल्यावर मिळणार?"

"मृत्युपत्राचा अर्थ तोच असतो."

"आणि तू कधी मरणार?"

"डॉक्टरांच्या मते हृदय उत्तम आहे."

"म्हणजे मी नव्वदीत झाडांत उतरायचं! फेब्रुवारी अर्धा सरत आला, मास्तर. बर्फ काही तुझ्यासाठी थांबत नाही." मग त्याचा आवाज उतरला. "आणि या खेपेला नेम मोडू नकोस. आधी बनात ने. माझे पाय बघ. आत्ताचे."

मी काठी घेऊन बनाच्या खालच्या कडेला उभा राहिलो. नेमाप्रमाणे जुनी जोडी द्यायला हवी होती. परंतु त्याच्या बुटाच्या मापाची एकच जोडी होती, म्हणून तीच दिली. तो सावकाश वर गेला. वरच्या झाडांपाशी तो इतका वेळ थांबला, की माझ्या शेजारी उभी असलेली ओर्नेला म्हणाली, "बाबा, काका उतरणार नाहीत."

तो उतरला. पहिली चार वळणे भीतीची होती. पाचव्याला उजवा पाय मागे राहिला. नवव्या वळणावर त्याने एका लार्चला मिठी मारली.

"पडलास?" मी ओरडलो.

"नाही रे! ओळखीचं झाड आहे, भेटलो!"

त्यानंतर खालपर्यंत रेघ अखंड होती. मी ती दोनदा पाहिली. लांबी बरोबर आहे. रुंदी बरोबर आहे. पकडी मात्र एक सेंटिमीटर पुढे हव्यात, कारण त्याचे वजन आता टाचांवर अधिक पडते. ही गोष्ट खिडकीतून दिसत नव्हती. हे काम ओर्नेला उद्या करील.

परिणामी, कलम ६ मधील दान रद्द करण्यात येत आहे, कारण ती वस्तू आता माझी राहिलेली नाही. त्यातील कबुली मात्र कायम राहील. या मृत्युपत्रान्वये क्याफ्रेदो अक्यार्दो यास काहीही मिळत नसल्यामुळे तो साक्षीदार होण्यास पात्र ठरतो.

माझी सही थरथरलेली दिसेल. ती वयामुळे किंवा आजारामुळे तशी आहे, असा दावा कोणी पुढे करू नये. साक्षीदार दुसऱ्यांदा वर चढून गेला असून, "तिथेच उभा राहा, मास्तर, नीट बघ," असे त्याने मला बजावले आहे. रेनाताबाईंना टपाल घेऊन खाली जायची घाई असल्याने ओर्नेलाने त्यांना कागदासह बनातच आणले, आणि मी हातमोजा काढून, तिच्या पाठीचे टेबल करून ही पुरवणी लिहून सही करीत आहे.

मृत्युपत्र करणार: मान्यो बेल्यार्दो (सही)

साक्षीदार:
१. रेनाता गार्नेरो (सही)
२. क्याफ्रेदो अक्यार्दो (खाली पोचल्यावर सही करील)

स्थळ: लाउझेत, घरामागचे बन
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५, दुपारी पावणेचार