अमरच्या पुस्तकातल्या रेघा

दारव्हा, ८ नोव्हेंबर २००६

चि. सौ. विमल हिस अनेक आशीर्वाद.

कापूस घरातच पडून आहे; बाजारभावाचं काही खरं नाही. लिहायचं कारण वेगळं. फवारणीचं विष चढून तुझा भाऊ अमर गेला, त्याले दोन महिने झाले. क्लार्कच्या परीक्षेचं त्याचं इंग्रजीचं पुस्तक अर्धंच राहिलं होतं. वाक्प्रचाराच्या वाक्यात चूक शोधून पेन्सिलीनं रेघ मारायची. आता मी शेतातून आलो की रोज पाच-सहा नव्या रेघा दिसतात. ‘इट इज रेनिंग कॅट अँड डॉग्ज’, त्यात ‘कॅट’खाली रेघ. मास्तरले दाखवलं. बरोबर आहे म्हणाले, ‘कॅट्स’ पाहिजे. घरात मी अन् सूनबाई दिपाली. तिले कुठं येते एवढं? अमरच येऊन मारत असल. मी त्याचा फोटो लावून परीक्षेचा फॉर्म भरून ठेवला आहे. मुदत वीस तारखेची.

जावईबापूंना नमस्कार. बापावर जीव असू दे.

पुंडलिकराव


लोहारा, १२ नोव्हेंबर

प्रिय दिपालीस आशीर्वाद.

बाबांचं पत्र आलं, रेघांचं सारं लिहिलं आहे. कापूस वेचताना अमर तुला वाक्यं घालायचा अन् तू त्याच्या आधी चूक सांगायचीस, हे मी पाहिलं आहे. रेघा तुझ्याच ना? मग बोलत काहून नाहीस? बाबा मेलेल्या पोराले परीक्षेला बसवून राह्यले. तुझा फॉर्म कोण भरणार? सांगून टाक. धाकटी म्हणून रागावले, राग धरू नको.

तुझी विमलताई


दारव्हा, २० नोव्हेंबर

ती. विमलताईंस सा. न. वि. वि.

सुनेनं ह्यांच्या वस्तूला हात लावला म्हणून मामाजी रागावतील, हीच भीती होती. नंतर नव्या रेघा बघायला मामाजी दुपारीच हसत घरी यायला लागले, मग तोंडच उघडेना. परवा सांगितलं. मामाजींनी पुस्तक हातात घेतलं. मग एवढंच विचारलं, “मंग तो एकखेपही आला नाही?” मी नाही म्हणाले. त्या दिवशी जेवले नाहीत.

आज सकाळी स्वतःच नवा फॉर्म घेऊन आले, माझं नाव घातलं. यवतमाळला द्यायला जीपनं निघालो. मी आधी मागच्या बाकावर बसले होते. मामाजींनी पुढं आपल्या शेजारची जागा, ह्यांच्यासाठी धरायचे तशी, हात ठेवून धरली होती. जीप भरली, ड्रायव्हर दोनदा ओरडला, तरी हात हलेना. शेवटी हात उचलला अन् मागं न बघता म्हणाले, “दिपाली, इकडं ये. बस इथं.”

मुलांना गोड पापा. माया आहे तशीच असू द्यावी.

आपली,
दिपाली