पिशवी कोणाची, नंबर कोणाचा

मोहर्ली,
जयंतीचा मंडप उतरवला त्या दिवशी

माझ्या सुनेची माय, इहिणबाई सत्यशीलाबाई यायले गुलाबबाईचा जयभीम. आपल्या दोघीत मोठी कोण हा वाद अजून मिटला नाई, म्हणून पाया पडणंही नाई न आशीर्वादही नाई, मधलं काय असंल ते समजून घ्या. इकडं आमी सगळे बरे आहोत. पत्रात समोरच्याची तब्येत विचारायची रीत आहे, पण तुमच्या तब्येतीची विचारपूस मोहर्लीच्या सफारीच्या गेटापासून चंद्रपूरच्या दवाखान्यापर्यंत साऱ्यांनी करून टाकली, माझ्यासाठी काही उरलंच नाई. तेवढं सोडून बाकीचं विचारते. शेळी व्याली का? मोहफूल वेचून झालं का? (किती वेचलं ते नका सांगू. भरलेलं टोपलं डोक्यावर कोणी उचललं, तेवढं सांगा.)

पहिले एक गोष्ट सांगून टाकते, नाई तं तुमी मधातच उठून जासाल. हे पत्र मिथुन लिहून राह्यला. हो, माझा पोरगा न तुमचा जावई. पदर ओढू नका, तो इथी आहे न तुमी तिकडं एटापल्लीच्या पलीकडं, मधात अख्खं जंगल आहे. मले अक्षर येत नाई, तुमाले येत नाई, म्हणून एक लिहिणारा पाहिजे न एक वाचणारा. मी लय विचार केला. सरपंचाची सून मोत्यावानी लिहिते म्हणतात, पण तिले बसवलं तं गोष्ट माहीत असलेलं आणखी एक माणूस वाढलं. ज्याईले आधीच माहीत आहे असे घरात दोघंच, म्हणून लेखणी देल्ली मिथुनच्या हातात, न वाचायले तुमच्या लेकीले, रिनाले, एसटीत बसवून देल्लं. (रिना, वाचतानी हसायचं नाई. दार लोटून घे. तुझी भावजय कुठी आहे ते पाह्य पहिले.) मिथुन म्हणे, आई, मले हे नको लिहायले लावू. मी म्हणलं, बापू, गेटावर साऱ्याईले ऐकवलं तवा नाई लाजला, आता कागदाले सांगतानी काऊन लाजतं?

तं आता सुरुवातीपासून. थंडीत तुमी आमच्याकडं आल्या होत्या न शाळेत तपासणीचं शिबिर लागलं. मी गेली डोळ्यासाठी, तुमी माझ्या सोबतीले. मधातच तुमी माझा हात दाबला न म्हणल्या, गुलाबबाई, तिकडं बाईडॉक्टर बसली दिसते, जरा पडदा धरता का. मी धरला. कान काही पडद्याच्या बाहेर ठेवता येत नाई, म्हणून ऐकलं. तुमची गर्भाची पिशवी खाली उतरते, उठतानी-बसतानी हातानं आत ढकला लागते, न हे धाकटा पोरगा झाला तवापासून. तवापासून तुमी धानाचे रोवणे केले, तेंदूपत्ता तोडला, लेकीचं लग्न लावलं, माझ्यासंगं उखाणे घेत भांडल्या, न एका शब्दानं कोणाले नाई सांगतलं. (मिथुन इथं अडला होता. म्हणे पिशवीच्या जागी नुसतं 'ती' लिहितो. मी म्हणलं, मंग रिना वाचंल 'ती खाली उतरते', न इहिणबाईले वाटंल मी म्हशीची गोष्ट सांगून राह्यली. लिही बापा, लिही. लिहिलं म्हणते.)

बाईडॉक्टर म्हणली, ऑपरेशन केलं का बरं होते, घाबरायचं काम नाई. मंग टेबलावरच्या बाईनं मोबाईलचा नंबर विचारला. तुमच्याजवळ मोबाईल नाई, न तुमच्या घरचा नंबर देल्ला तं सून उचलंल, म्हणून तुमी माझ्याकडं पाह्यलं. मी शहाणी. मले मिथुनचा नंबर भीमगीतासारखा पाठ, चालीत म्हणून दाखवला. कोणाचा नंबर म्हणे, तं मी म्हणलं, पोराचा. कोणाच्या पोराचा हे तिनं विचारलं नाई न मी सांगतलं नाई. माझा डोळा न तुमची पिशवी एकाच नंबरावर बसली. तुमी दबकत विचारलं होतं, बाई, हे गुपित राहीन ना? ती हसून म्हणली, आजी, आमच्याकडं सगळं गुपितच राह्यते.

मंग तो नंबर फिरायले निंगाला. शिबिरवाल्याईनं एका दवाखान्याले देल्ला, त्यानं दुसऱ्या मोठ्या दवाखान्याले, त्यानं सोनोग्राफीवाल्याले, न त्यानं कोणाकोणाले वाटला ते त्यालेच ठाऊक, आता मिथुनले कमरेच्या पट्ट्याचे न गुडघ्याच्या तेलाचेही फोन येतात. आपण दोघी जन्मात जेवढ्या नाई फिरलो तेवढा तो नंबर एका हिवाळ्यात फिरला. न एक दिवस सकाळची सफारी आटपून मिथुन गेटाजवळ जिप्सी धूत होता तवा मोठ्या दवाखान्यातून फोन आला. हाताले साबण, म्हणून पोरानं फोन बोनटवर ठेवून स्पीकर चालू केला. तिकडून पोरगी म्हणे, तुमच्या आईची गर्भाची पिशवी बाहेर येते ना, त्याच्या ऑपरेशनसाठी घेऊन या. सारे ड्रायव्हर, गाईड, चहावाला आयकून राह्यले. पुण्याची एक बाई वाघ पाहायले आली होती, वाघ दिसला नाई म्हणून तीही थांबली. मिथुननं विचारलं, म्याडम, कोणतं पेशंट, नाव सांगा. तं ती पोरगी काय म्हणली असंल? म्हणली, सर, पेशंटचं नाव आमी फोनवर सांगत नाई, ते गुपित असते. पिशवी सांगतली, बाहेर येते ते सांगतलं, किती वर्षापासून येते तेही सांगतलं, फक्त नाव तेवढं जपलं!

मिथुन घरी आला तं माझ्याकडं पाहीना. रिनाले आत नेऊन कुजबुजला, न रिना येऊन माझ्या पायाशी बसली. म्हणे, मामी, तुमाले त्रास होता तं मले काऊन नाई सांगतलं? मले एका क्षणात समजलं. आता 'मी नाई, तुझी माय' म्हणलं असतं तं मिथुन दारातच उभा होता. ज्या जावयासमोर तुमी कधी खाटेवर बसल्या नाई, त्याच्यासमोर तुमची पिशवी कशी काढू? म्हणून मी म्हणलं, हो माय, आहे मले त्रास. न खरं सांगते इहिणबाई, पुढचे दिवस मी राणीवानी काढले. पाण्याची गुंडी उचलू देईना, झाडू देईना, अंगणात निंगाली का मिथुन खुर्ची घेऊन मागं. चहावाला माझ्या चहात अद्रक जास्त टाके. गाईड लोक वाघिणीची खबर सांगतानी मधातच विचारत, आजी, आता कसं वाटते? मी एक हात कमरेवर ठेवून कण्हत होती. (कण्हणं तुमचं पाहून शिकली. बराबर जमलं होतं.)

मंग नेलं मले मोठ्या दवाखान्यात. टेबलावर झोपवलं. डॉक्टरीणबाई चांगली होती बिचारी, तपासून तपासून थकली न म्हणली, आजी, तुमचं तं सगळं जागेवर आहे. मी म्हणलं, नीट पाह्य बाई, नवीन माणूस पाहून लाजलं असंल. ती हसली, पण बाहेर जाऊन म्हणली, कागद पाहा बरं एकदा. न बाहेरच्या हॉलात, साऱ्या लोकांमधात, मिथुन समोर उभा असतानी, काउंटरवरच्या माणसानं कॉम्प्युटर पाहून मोठ्यानं सांगतलं: या नंबरवर दोन आया आहेत, पिशवीवाली सत्यशीला, डोळेवाली गुलाब. ज्या नावाले फोनवर कुलूप लावलं होतं ते त्यानं हॉलात लिलावासारखं पुकारलं. मी आत टेबलावर होती, पण ऐकू आलं. मी खाली उतरली, लुगडं सारखं केलं, न मले असं वाटलं का पडदा माझ्याच हातातून सुटला.

घरी येऊन मिथुननं रिनाले सारं सांगतलं. मंग रिना तुमाले बोलली, फोनवर, रागात. तिचा राग खोटा होता, आतून ती रडत होती, पण तुमी फोन ठेवला तो ठेवलाच. जयंतीले आल्या नाई. दरवर्षी आपण दोघी खीर करतो न साखरेवरून भांडतो. यंदा कोणी भांडलं नाई, साखर बराबर पडली, न खीर कोणालेच गोड लागली नाई. मंग दवाखान्याचा फोन आला (कोणाले? मिथुनलेच, आणखी कोणाले येणार) का पेशंटनं निरोप पाठवला, ऑपरेशन नको, नाव काटा. इहिणबाई, तवा मले जे वाटलं ते सांगायले माझ्याजवळ गंमतीचा शब्द नाई. तुमी एवढ्या वर्षात एकदा हिंमत केली होती. ती आमच्या घरच्या नंबरानं मोडली.

मिथुन स्वतः गेला होता तिथं, म्हणला, माझा नंबर काढा. ते म्हणले, काढता येत नाई, पाहिजे तं आणखी एक जोडता येते. मंग मी गेली. डॉक्टरीणबाईच्या दारात जाऊन बसली, उठलीच नाई. तिनं शेवटी कबूल केलं का फोन करायचा नाई, नाव पुकारायचं नाई, तुमी आल्या का ती स्वतः येऊन आत नेईन. बुधवार तुमच्यासाठी ठेवला आहे. माफी मागत नाई, इहिणीची माफी मागायची आपल्यात रीत नाई. पण टोपलं उचलू नका, न बुधवारी या. घरच्याईले सांगा का गुलाबबाई आजारी आहे, पाहायले चालली. मले आजारी पडायची आता सवय आहे.

तुमची भांडकुदळ इहीण,
गुलाब

ता. क. तुमची कापडी पिशवी आमच्याकडं राह्यली, हळदीची. (खरीखुरी पिशवी, मिथुन, लिही न घाबरता.) तीही घेऊन जा.

आणखी एक ता. क. हे इहीण म्हणून नाई बोलत. सत्यशीला, वर मी म्हणलं का तुझ्यासाठी ये, ते अर्धंच खरं आहे. एका नंबरावर दोन आया लिहिल्या, पण फोन एकीसाठीच लावला त्याईनं, म्हणून माझ्या डोळ्यासाठी फोन कधी आलाच नाई. मी साऱ्याईले सांगते, फोन येईन, येईन. मनात म्हणते, न येवो. उजव्या डोळ्याचा उजेड गेला, डाव्यात धूर आहे. तांदूळ निवडते ते बोटानं, न पोरगा आला ते ओळखते चपलेच्या आवाजानं. हे घरात कोणाले माहीत नाई. (आता माहीत झालं. त्यालेच तं सांगून राह्यली मी.) डोळ्यात सुई घालतात म्हणतात, मले लय भेव वाटते. तुझं ऑपरेशन कर का नको करू, ते तुझं तू ठरव. पण तू ये, माझ्याजवळ बस. दुसऱ्या कोणासमोर मले भ्यायची लाज वाटते.

मिथुनची लेखणी थांबली वाटते. लिहिलं का रे?

मामी, हे आता आई सांगत नाई, मीच लिहितो. मंगळवारी मालकाची बोलेरो घेऊन येतो, आईले सोबत आणतो. तिघी मागं बसा, सीटवर जाड उशी ठेवली आहे. मधातला आरसा मी वर वळवून ठेवीन.