मला पोसायचं कुणी

बिस्मिल्लाह. मी, मैमुना कासम मुल्ला, वय सत्तेचाळीस, धंदा परकर शिवणे, राहणार धामणकर नाक्यामागची गल्ली, भिवंडी, आज शुद्धीवर राहून आणि कुणाच्या दबावाला बळी न पडता माझ्या पश्चात काय कुणाचे ते सांगून ठेवते. अक्षर केसरीनाथ भोईर यांचे, ते कोर्टातले रिटायर कारकून. शब्द माझे. मध्येच ते म्हणतात, "बाई, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हणते, बसवा.

मला कसलाही आजार नाही. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण मरायला टेकलेल्या बाईने दिलेले बक्षीस उद्या कुणीतरी कोर्टात उकरून काढील. तो कुणीतरी कोण, ते पुढे येईलच.

१. माझा नवरा अय्यूब याच्याकडे निकाहात कबूल केलेला माझा मेहर बाकी आहे. त्याने दुसरी बायको आणली आणि मला व आठ वर्षांच्या नफिसाला घराबाहेर काढले, साल १९८४. मी कोर्टात पोटगीचा अर्ज केला, हुकूम मिळाला, सात महिने पैसे आले. मग छ्याऐंशीत कायदा बदलला, नवऱ्याने पोसायचे ते फक्त इद्दतीपुरते, म्हणजे तलाकनंतरचे तीनेक महिने, असे ठरले आणि त्याच्या वकिलाने कोर्टात एक कागद ठेवला. तलाकनामा! त्यावर साल १९८३. म्हणजे ज्या वर्षी मी त्याच्या अंथरुणाला खिळलेल्या आईला न्हाऊमाखू घालत होते, त्या वर्षी मी म्हणे त्याची बायकोच नव्हते. मला कुणी सांगितले नाही एवढेच. तोच कागद घेऊन मी जमातीत गेले. काझीसाहेबांनी तारीख पाहिली, दोन साक्षीदार पाहिले. म्हणाले, "बेटी, इद्दत तर कधीच संपली." त्यांना मी बोल लावत नाही. समोर आले तेवढे त्यांनी वाचले.

बोल लावते तो खालच्या दुसऱ्या सहीला. ती माझ्या धाकट्या भावाची, इस्हाकची. सही खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. अम्मी गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. पाटीवर त्याचा हात धरून नाव लिहायला मीच शिकवले. शेवटच्या 'क'ची शेपूट तो अजून तशीच खाली ओढतो. मी विचारले, "इस्हाक, हे काय रे?" तर म्हणाला, "आपा, तारखेकडं मी बघितलंच न्हाय." त्याच महिन्यात अय्यूबचे दोन लूम त्याच्याकडे चालवायला आले. ते मात्र त्याने नीट बघून घेतले.

मेहर वसूल झालाच तर तो शरियतप्रमाणे वारसांत वाटावा. होणार नाही, पण लिहून ठेवते. अय्यूबला वाटायला नको की मी विसरले.

२. माझी राहती रूम या मृत्युपत्रात नाही. का नाही, ते सांगते.

नवीन कायद्यात असे आहे की इद्दतीनंतर तलाकवाल्या बाईकडे खायला नसेल, तर तिच्या मागे तिची मालमत्ता ज्यांना मिळणार, त्यांनी तिला पोसावे. आईबाप नाहीत, पोर दहा वर्षांची. उरला इस्हाक. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्याला बोलावून विचारले. तो भर कोर्टात हसत म्हणाला, "साहेब, हिच्या मागं मला काय भेटनार हाय? चुलीतली राख?" लोक हसले. मी मान खाली घातली. पुढे तीन वर्षे तारखा पडल्या. तो कधी आजारी, कधी गावाला. शेवटी मीच कंटाळून जाणे सोडले. नवऱ्याने टाकले ते मी पचवले. हे अजून घशात आहे.

मग मी लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या, रात्रंदिवस परकर शिवले आणि ब्याण्णव साली ही रूम घेतली. गेल्या रमजानमध्ये इस्हाक मोसंबी घेऊन आला. दहा वर्षांत पहिल्यांदा! माझे पाय चेपू लागला. म्हणाला, "आपा, रूम कुनाच्या नावावर हाय?"

वकिलांना विचारले. एक मुलगी आणि एक भाऊ असेल तर अर्धे मुलीचे, अर्धे भावाचे. हा अल्लाहने ठेवलेला हिस्सा आहे, तो मी कागदाने काढू शकत नाही आणि काढणार नाही. पण जिवंतपणी आपले कुणाला द्यायचे, ते माझ्या हातात आहे. मागच्या शुक्रवारी चार माणसांसमोर मी रूम नफिसाला हिबा केली, म्हणजे बक्षीस दिली, किल्ली तिच्या हातात दिली, घरपट्टी तिच्या नावावर केली. इस्हाकने कोर्टात जायचे तर खुशाल जावे. तारखा कशा पडतात ते त्याला माहीत आहे.

३. शिलाई मशिन कलावती अहिरे हिला द्यावे. कोर्टाच्या तारखेला नफिसाला ती सांभाळायची, आणि मी परत आले की काय झाले ते न विचारता चहा ठेवायची. वारस नसलेल्याला तिसऱ्या हिश्श्यापर्यंत देता येते, मशिन त्यात बसते. म्हणूनच कलावतीची सही खाली नाही. वकील म्हणाले, साक्षीदाराला त्या कागदातून काही मिळता कामा नये. मला इतके हसू आले की त्यांनी पाणी मागवले.

४. उरलेली भांडी, दोन ट्रंका आणि कानातले यांतला अर्धा वाटा इस्हाकला चार लोकांत द्यावा. एक चमचाही कमी देऊ नये. माझ्या मयतीला त्याने यावे की नाही, हे मी सांगत नाही. आला तर नफिसाने त्याला पाणी विचारावे. मामा आहे.

५. नफिसा, लग्न कर, सुखात राहा. पण निकाहनाम्याची नक्कल स्वतःजवळ ठेव आणि त्याच्याकडून आलेला प्रत्येक कागद तारखेपासून वाच.

केसरीनाथ विचारतात, अजून काही राहिले का. एवढेच. ज्यासाठी कुणी मोसंबी आणावीत, असे आता माझ्या नावावर काही नाही. म्हणजे कायद्याने बघितले तर मला पोसायची जबाबदारीही आता कुणावर फारशी येत नाही. आज सकाळी दवाखान्यात कामाला जाण्याआधी नफिसा माझ्यासाठी भात आणि बांगड्याचे कालवण झाकून ठेवून गेली आहे. ते निवायच्या आत सही करते.

लिहून ठेवणार : मैमुना कासम मुल्ला (सही)

आम्हा दोघांसमोर, वाचून दाखवल्यावर, आजच्याच तारखेला सही केली :
१. केसरीनाथ भोईर, रिटायर कारकून (सही)
२. सुमती वैद्य, शिक्षिका (सही)

भिवंडी, ११ मार्च १९९७