दीड मिनिटाची बडबड

२२ जून

खटपट्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची मला सवय आहे. आज लिहिला नाही, तो विसरून नव्हे. माझा गुडघा आता बरा आहे. भावजय तिच्या लेकीकडे गेली आहे, पुढच्या महिन्यात येईल. खुशाली संपली.

पाकीट मिळालं. घरगुती कॉम्प्युटरवरच्या पहिल्यावहिल्या खेळांचं प्रदर्शन, त्यात माझ्या धाकट्या भावाचे चार खेळ, भिंतीवर त्याचा फोटो आणि खाली जतन करणारा म्हणून तुझं नाव. सोबत माझ्या सहीसाठी संमतीचा कागद. फोनवर केवढा खुशीत होतास!

"ताई, अगं चारही वाचले! एवढ्या जुन्या कॅसेटी, पण एक आकडा इकडचा तिकडे नाही!"

"आणि त्याचा आवाज?"

"कसला आवाज? हां, ती सुरुवातीची बडबड? कापून पुसून टाकली ती. खेळाला तिचा उपयोग नसतो. एकीवर तर चांगली दीड मिनिट होती. आता फाइल कशी स्वच्छ झाली बघ."

"कॅसेटी परत पाठव."

"पट्ट्या पार झिजल्या होत्या गं. एकदा चालल्या आणि तुटल्या. टाकून दिल्या मी."

मी फोन ठेवला. मला फोनवर भांडता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

ती बडबड काय होती हे तुला मी सांगायचं? गेमच्या दुकानात तुम्ही दोघं दोस्त दुसऱ्यांच्या पाठीमागे उभे राहून तासन्‌तास बघायचात, मालक हाकलेपर्यंत. पडद्यावरची शत्रूची याने मरत गेली की उरलेली जोरात का पळतात, याचं कोडं त्याने सोडवलं. यंत्राला काढायला चित्रं कमी उरतात म्हणून. दोन दिवस घरात येईल त्याला धरून सांगत होता. मग तसाच खेळ स्वतः लिहायला बसला. मी वहीतले आकडे मोठ्याने वाचायचे, तो कॉम्प्युटरची बटणं दाबायचा, आणि सगळं टेपरेकॉर्डरवर भरून ठेवायचा; तेव्हा खेळही कर्कश आवाज होऊन कॅसेटवरच राहायचे. आणि एकदा तू त्याचा अख्खा खेळ पुसून त्यावर तुझा भरलास. चिकटवलेली चिठ्ठी गळून पडली होती, आणि वाजवून पाहिलं तर सगळ्या खेळांची किंकाळी सारखीच. तेव्हापासून तुम्ही नियम केलात, की आधी माइकवर तोंडाने नाव सांगायचं, मग खेळ भरायचा. नियम तुझ्यामुळे झाला. म्हणजे त्याचं काहीतरी पुसायची तुझी ही दुसरी खेप.

"पट्टी सात. काउंटर एकशे बारा. याने आणि ढाल. ताई, भांडी नको आपटूस, सगळं आत जातंय." आणि मागून मी, "जाऊ दे आत! आधी जेव!" हे त्या पट्टीवर होतं. एकवीस वर्षांचा तो आणि चोवीस वर्षांची मी. तू कचऱ्यात टाकलंस.

चौथ्या कॅसेटबद्दल लिहायचं टाळत होते.

पट्टी जुनी होती, पण भरलेली गेल्या वर्षीची. आजारपणात अंथरुणावर बसून त्याने तो खेळ पुन्हा दुरुस्त केला होता. वरच्या चिठ्ठीवर थरथरत्या अक्षरात 'ताई' लिहिलं होतं. खेळाचं नाव सांगायला त्याला दहा सेकंद पुरायचे. दीड मिनिट कशाला लागलं असेल, हा विचार तुझ्या मनात आला नाही?

तू कॅसेटी न्यायला आलास तेव्हा मी म्हटलं, टेपरेकॉर्डर बिघडला आहे. तो बिघडलेला नव्हता. त्याच्या लेकीच्या लग्नात, भरल्या मांडवात मी त्याला म्हणाले होते, "पन्नाशी उलटली तरी खेळणी सुटत नाहीत, नोकरी टिकणार कशी?" तो हसला. लोकही हसले. त्यानंतर पाच वर्षं त्याने फोन केला नाही, मीही केला नाही. शेवटच्या दिवशी दवाखान्यात पोचले तेव्हा तो शुद्धीत नव्हता. पंधरा दिवसांनी भावजयीने कॅसेट आणून दिली. अकरा महिने ती मी यंत्राजवळ नेत होते आणि परत कपाटात ठेवत होते. त्याने मला बोल लावला असता तर ऐकवलं नसतं. लावला नसता, तर त्याहून नाही. मग तू आलास. वाटलं, याच्या हातात सुरक्षित राहील, धीर आला की मागून घेईन. म्हणून पिशवीत घालून दिली.

न ऐकता दिली हा माझा दोष. तो तुझ्यावर ढकलत नाही. कापलंस मात्र तू.

पण कापायचं तर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते ऐकावं लागतं. कानाला हेडफोन लावून तू ऐकलंस. त्या दीड मिनिटात तो काय बोलला हे आता जगात तुला एकट्यालाच माहीत आहे. तेव्हा बस आणि लिही. माफी नको, प्रदर्शनाचं कौतुक नको. त्याचे शब्द हवेत, जसे होते तसे. खोकला असेल तर खोकला लिही. मला शिव्या घातल्या असतील तर शिव्या लिही. आठवत नसेल तिथे जागा कोरी सोड, पदरचं घालू नकोस. मी त्याला लहानपणापासून ओळखते, मला कळेल.

तो कागद येईपर्यंत तुझ्या कागदावर माझी सही होणार नाही, आणि त्याचा फोटो भिंतीवर लागणार नाही.

मला ताई म्हणणारा आता तूच उरला आहेस. म्हणून एवढं सगळं होऊनही हे काम तुलाच सांगावं लागतं आहे.

ताई